यंत्राचा पहारा की श्रमाचा रोजमेळ?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या मंगल प्रसंगी ‘विद्यार्थ्यांची सचोटी आणि तंत्रज्ञान’ हा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, यात मोठे औचित्य आहे. गुणपत्रिकेवरील आकडा हा त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या श्रमाचा आहे, या विश्वासावरच सत्काराची शाल खांद्यावर घातली जाते. हा विश्वास एकदा डळमळला की त्याचा पहिला फटका नक्कल करणाऱ्याला बसत नाही. तो बसतो रात्र रात्र जागून स्वतः अभ्यास करणाऱ्या मुलाला. कारण त्याच्याही गुणांकडे जग संशयाने पाहू लागते. बाजारात भेसळीचा माल वाढला म्हणजे चोख मालाच्या व्यापाऱ्यालाही गिऱ्हाइकाच्या शंकेला तोंड द्यावे लागते, तसेच हे आहे.

परीक्षेतील गैरप्रकार हा काही संगणकाबरोबर जन्माला आलेला रोग नव्हे. महाराष्ट्रात विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८२ सालीच झाला. त्या काळी चिठ्ठ्या, मार्गदर्शिकांची फाडलेली पाने आणि परीक्षा केंद्राबाहेरची गर्दी ही या रोगाची लक्षणे होती. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली, तेव्हा निकालाची टक्केवारी घसरली. अनेकांना ते अपयश वाटले. वास्तविक घसरलेला निकाल हाच खरा निकाल होता. आधीचा फुगलेला आकडा म्हणजे गोदामात नसलेला माल ताळेबंदात दाखवण्यासारखे होते.

संगणक आणि इंटरनेट आल्यावर नकलेचे साधन बदलले. शेजारच्या उत्तरपत्रिकेत डोकावण्याची गरज उरली नाही. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील लेख दोन कळा दाबून आपल्या नावावर उतरवता येऊ लागला. त्यावर उपाय म्हणून यंत्रच पुढे आले. १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘टर्निटिन’ ही या क्षेत्रातील सर्वपरिचित सेवा होय. तिचे कार्य समजण्यास कठीण नाही. विद्यार्थ्याचा निबंध शब्दांच्या लहान लहान तुकड्यांत मोडला जातो, ते तुकडे संकेतस्थळे, नियतकालिके आणि पूर्वी जमा झालेले निबंध यांच्या प्रचंड संग्रहाशी ताडून पाहिले जातात, आणि किती मजकूर जुळला याचे प्रमाण शेकड्यात दिले जाते.

भारतातही याची दखल घेतली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी स्वतंत्र विनियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावयाचे. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत पुन्हा सादर करण्यास मनाई. आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द, अशी त्यातील श्रेणी आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध सर्वांसाठी खुले आहेत आणि २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून साम्य तपासण्याची सोय विद्यापीठांना उपलब्ध करून देण्यात आली. प्रबंध कपाटात कुलूपबंद होता तोवर त्यातील चोरीही कुलूपबंद होती. तो उजेडात आला म्हणजे लेखकाची लेखणी आपोआप सावध होते, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्र ‘साम्य’ दाखवते. ‘चोरी’ ठरवीत नाही. अवतरणचिन्हांत दिलेले वचन, कायद्यातील कलम, गणितातील प्रमाण सूत्र हेही यंत्राला जुळलेलेच दिसते. म्हणूनच आयोगाच्या विनियमांत योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रमाण समीकरणे आणि सर्वसामान्य ज्ञानाचे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य वगळण्याची तरतूद केलेली आहे. दोन ताग्यांचा रंग जुळला म्हणून ते एकाच गिरणीतून आले, असे जाणकार म्हणत नाही. तो भिंगाखाली सूत मोजतो, पोत चाचपतो, किनार पाहतो आणि मगच बोलतो. शेकड्याचा आकडा हा तपासाचा आरंभ आहे, निवाडा नव्हे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे संगणकीय साधन जगापुढे आले आणि या सर्व व्यवस्थेचा पायाच हलला. हे साधन कोठूनही जसेच्या तसे उतरवून घेत नाही. मागणीप्रमाणे नवा मजकूर जुळवून देते. साहजिकच साम्य तपासणाऱ्या यंत्राला त्यात जुने काही सापडत नाही. मग मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखणारी नवी यंत्रे निघाली. त्यांचा अनुभव मात्र प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे.

चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ‘ओपनएआय’ या कंपनीने स्वतःच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये खुले केले. कंपनीने दिलेल्या आकडेवारीनुसार यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर त्याने अचूक ओळखला, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर चुकून यंत्राचा ठरवला. अचूकता अपुरी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. ज्यांनी कुलूप घडवले त्यांनाच त्याची किल्ली ओळखता आली नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. हे निबंध माणसांनीच लिहिलेले होते. तरीही त्यांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिले असल्याचा कौल मिळाला. अमेरिकेतील आठव्या इयत्तेच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व अचूक ओळखले गेले. कारण असे की, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज बांधता येतो, तितका तो मजकूर यंत्राचा, असे या साधनांचे गणित आहे. परक्या भाषेत लिहिणारा विद्यार्थी ओळखीचे, साधे शब्द वापरतो, आणि त्याचा साधेपणाच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आणखी एक विपरीत गोष्ट याच अभ्यासात आढळली. तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्दांनी नटवून घेतल्यावर त्यांच्यावरील संशय पुष्कळच कमी झाला. म्हणजे स्वतः लिहिणारा पकडला गेला आणि यंत्राकडून सजवून घेतलेला सुटला!

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत प्रकल्प लिहिणारी मुले-मुली घरोघरी आहेत. त्यांतील एखाद्या मुलीने महिनाभर खपून अहवाल लिहावा, आणि एका यंत्राच्या आकड्यावर विसंबून तिला खोटे ठरवावे, यासारखा अन्याय नाही. दोषी सुटणे हे वाईट आहेच. परंतु निर्दोषाला कलंक लागणे हे त्याहून वाईट आहे. प्रामाणिकपणा वाढवण्यासाठी आणलेल्या साधनाने प्रामाणिक मुलाचाच धीर खचला, तर त्या साधनाचा उपयोग तो काय?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना १८९६ सालचा किंग्स्टन कॉटन मिलचा इंग्लंडमधील खटला अभ्यासावा लागतो. त्या गिरणीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाची किंमत वर्षानुवर्षे फुगवून दाखवली होती आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, काही तरी काळेबेरे आहेच अशा गृहीतकाने त्याने कामास आरंभ करू नये, असे तत्त्व न्यायमूर्ती लोप्स यांनी त्या निकालात मांडले. पुढील काळात लेखापरीक्षकाची जबाबदारी पुष्कळ वाढली हे खरे. तथापि संशयाने आरंभ न करण्याची ही शिकवण शिक्षणक्षेत्राला आजही लागू पडते.

महामारीच्या २०२० व २०२१ या वर्षांत परीक्षा घराघरांत गेल्या, तेव्हा या शिकारी वृत्तीचे दुसरे रूप दिसले. विद्यार्थ्याच्या डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे आले, परीक्षेपूर्वी खोलीच्या चारही भिंती दाखवण्याची सक्ती झाली. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली आणि २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने घरातील खोलीची अशी झडती ही त्याच्या घटनात्मक हक्काचा भंग असल्याचे मान्य केले. परीक्षा केंद्रावर कॅमेरा असणे निराळे आणि घराच्या उंबरठ्याच्या आत त्याने शिरणे निराळे. जेथे प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्या आहेत तेथे कठोर कायदा हवाच, आणि २०२४ साली केंद्राने केलेल्या सार्वजनिक परीक्षांसंबंधीच्या कायद्यात संघटित गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास व किमान एक कोटी रुपयांचा दंड सांगितला आहे. परंतु टोळीसाठी केलेला बंदोबस्त आणि वर्गातील कोवळ्या मनांचे संस्कार, यांची गल्लत होता कामा नये.

मग तंत्रज्ञान वापरूच नये काय? अवश्य वापरावे, परंतु पहारेकरी म्हणून नव्हे, तर रोजमेळ म्हणून वापरावे. सचोटीच्या पेढीला तपासणीचे भय नसते, कारण तेथे दररोजची नोंद त्याच दिवशी होते. वर्षाअखेरीस एका रात्रीत लिहून काढलेली वही आणि दिवसागणिक लिहिलेली वही, यांतील फरक जाणत्या डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्याच्या कामाचाही असाच रोजमेळ ठेवण्याची सोय आज विनामूल्य उपलब्ध आहे.

‘गूगल डॉक्स’सारख्या साधनात लिहिलेल्या लेखाचा संपूर्ण पूर्वेतिहास जपला जातो. कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद लिहिला, काय खोडले, काय दुरुस्त केले, हे सारे मागे जाऊन पाहता येते. तीन आठवडे वाढत गेलेला निबंध आणि एका क्षणी अखंड येऊन पडलेला निबंध, यांतील भेद तेथे आपोआप उमटतो. ज्या घरी संगणक नाही तेथे वहीतील कच्च्या मसुद्याचे दर आठवड्याला मोबाइलवर छायाचित्र काढून शिक्षकांकडे पाठवले तरी हेतू साधतो. या नोंदीचा खरा उपयोग प्रामाणिक विद्यार्थ्यालाच आहे. उद्या कोणी शंका घेतली तर त्याच्या हाती पुरावा असतो. अर्थात एखादा महाभाग यंत्राचा मजकूर समोर ठेवून हळूहळू टंकितही करील. म्हणून शेवटी पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नोत्तरांना पर्याय नाही. ‘हा निष्कर्ष कसा काढलास?’ या एका प्रश्नाला ज्याने काम केले आहे तो अडखळत का होईना उत्तर देतो. ज्याने केले नाही तो देऊ शकत नाही.

दुसरा उपयोग ऋणनिर्देशाचा. घेणाऱ्याचे खाते नावे करावे आणि देणाऱ्याचे खाते जमा करावे, हा जमाखर्चाचा पहिला धडा होय. विचारांच्या व्यवहारातही तोच नियम आहे. दुसऱ्याचा विचार घेणे हा दोष नाही. घेतला आणि देणाऱ्याच्या खाती जमा केला नाही, हा दोष आहे. पुष्कळ मुले चोरीच्या इच्छेने नव्हे, तर कोणते वाक्य कोठून टिपले याचा विसर पडल्याने दोषी ठरतात. २००६ पासून विनामूल्य मिळणारे ‘झोटेरो’ हे साधन वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाची व लेखाची नोंद ठेवते आणि लेखाच्या शेवटी संदर्भसूची तयार करून देते. साम्य तपासणारे यंत्रही अंतिम दिवशी सापळा म्हणून लावण्याऐवजी कच्च्या मसुद्याच्या वेळीच विद्यार्थ्याच्या हाती दिले, तर तेच यंत्र त्याचा शिक्षक बनते.

तिसरा उपयोग प्रश्न घालण्याचा. साठ विद्यार्थ्यांना एकच उदाहरण दिले, तर एकाचे उत्तर सायंकाळपर्यंत साठ मोबाइलवर पोहोचते. त्याऐवजी संगणकाच्या साध्या तक्त्यात प्रत्येकाचा आरंभीचा साठा हजेरी क्रमांकावरून ठरवता येतो: पन्नास हजारांत क्रमांकाची शंभरपट मिळवायची. मग सत्ताविसाव्या क्रमांकाचा साठा ५२,७०० रुपये होतो आणि अठ्ठाविसाव्याचा ५२,८००. रीत एक, पण प्रत्येकाचा नफा निराळा. आता मित्राला विचारायचे झाल्यास उत्तर विचारून भागत नाही, रीतच विचारावी लागते. आणि रीत विचारणे यालाच अभ्यास म्हणतात. येथे कोणावर पहारा नाही, कोणाचा अपमान नाही. नकलेची सोयच तेवढी संपली.

प्रामाणिकपणा केवळ शपथेवर सोडून चालत नाही, याचा एक बोधप्रद दाखला संशोधनाच्या क्षेत्रातच घडला. कागदाच्या शेवटी सही घेण्याऐवजी आरंभीच सही घेतली तर माणसे अधिक खरे लिहितात, असा निष्कर्ष सांगणारा एक निबंध २०१२ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. २०२० मध्ये त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर फेरतपासणी केली, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. त्यांनी मूळ आकडेवारीचा संगणकीय तक्ता खुला केला. २०२१ मध्ये स्वतंत्र अभ्यासकांनी तो बारकाईने पाहिला, तेव्हा मोटारींनी तोडलेल्या अंतराचे आकडे रचलेले असल्याचे दिसून आले. तक्त्यात दोन निरनिराळ्या वळणांची अक्षरे होती, हाही एक धागा त्यांना सापडला. निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरील संशोधनच खोट्या आकड्यांवर उभे होते, ही खेदाची गोष्ट. परंतु वही उघडी ठेवली म्हणूनच ते कळले, ही त्यातील आशेची गोष्ट.

आता पालक आणि संस्था यांच्या वाट्याचा विचार. न दिलेले घेणे ते अदत्तादान, ही व्याख्या लहानपणापासून कानांवर असते. आणि दोष केवळ करणाऱ्याचा नसून करविणाऱ्याचा व अनुमोदन देणाऱ्याचाही असतो, हेही आबालवृद्धांना ठाऊक आहे. मुलाचा प्रकल्प दुकानातून पैसे देऊन तयार करून आणणारे पालक, ‘सगळेच करतात’ म्हणून डोळेझाक करणारे नातेवाईक, आणि केवळ टक्केवारी पाहून पाठ थोपटणारा समाज, हे सर्व त्या व्यवहारातील भागीदार ठरतात. मुलाने संध्याकाळी ‘आज किती गुण पडले?’ याऐवजी ‘आज काय अडले?’ हा प्रश्न ऐकला, तर निम्मे काम घरातच होईल.

समाजातील संस्था शिष्यवृत्ती देतात तेव्हा गुणपत्रिकेची छायाप्रत मागतात. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘डिजिलॉकर’मध्ये अनेक मंडळे व विद्यापीठे गुणपत्रिका थेट जमा करतात, विद्यार्थ्याच्या संमतीने ती तेथूनच घेतली तर खाडाखोडीची शंका राहत नाही आणि साक्षांकनासाठी त्याचे हेलपाटेही वाचतात. त्याबरोबर त्याने वर्षभरात केलेल्या एखाद्या कामाची कच्ची वही मागवावी आणि दोन जाणत्या व्यक्तींनी त्याच्याशी दहा मिनिटे प्रेमाने बोलावे. ६८ टक्के मिळवणारा परंतु स्वतःचे काम स्वतः उलगडून सांगणारा मुलगा, ९२ टक्के मिळवूनही स्वतःच्या प्रकल्पाविषयी एक वाक्य न बोलू शकणाऱ्यापेक्षा अधिक सत्कारपात्र आहे, हे संस्थेने एकदा कृतीने दाखवले तर शंभर उपदेशांचे काम होईल.

विद्यार्थिमित्रहो, नवी साधने त्याज्य नाहीत. न समजलेले प्रमेय पुन्हा समजावून घ्यावे, स्वतःच्या उत्तरातील उणिवा विचाराव्यात, सरावासाठी प्रश्न मागावेत. यात लाज नाही. शिक्षकांनी मुभा दिली असेल तेथे साधन वापरावे आणि ते कोठे, कशासाठी वापरले हे एका ओळीत स्वच्छ लिहावे. जी मदत उघडपणे लिहिता येते ती शिक्षण आहे. जी लपवावी लागते ती नक्कल आहे. ही कसोटी लावण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. उद्या रुग्णाची नाडी धरताना, पुलाचे गणित करताना, पेढीच्या ताळेबंदावर सही करताना उसने घेतलेले उत्तर उपयोगी पडणार नाही; तेथे स्वतः कमावलेलेच भांडवल कामी येते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेच्या अभ्यासिकेत एक संगणक ठेवावा, त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या श्रमाचा रोजमेळ लिहिता यावा, आणि पुढील वर्षीच्या सत्कारात गुणपत्रिकेशेजारी ती वहीही सन्मानाने मांडली जावी, एवढी नम्र विनंती विश्वस्त मंडळाच्या चरणी आहे. सर्व गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन आणि उज्ज्वल भवितव्यासाठी शुभकामना.

जय जिनेंद्र.